नकाशा द्या, मग यंत्र विका

प्रेमिंद्रसिंग भगत हे खडकीच्या बॉम्बे सॅपर्समधले, म्हणजे लष्कराच्या अभियंता दलातले, दुसऱ्या महायुद्धात व्हिक्टोरिया क्रॉस मिळवणारे पहिले भारतीय अधिकारी. १९४१ च्या सुरुवातीला ॲबिसिनियात, म्हणजे आजच्या इथिओपियात, इटालियन फौज माघार घेताना मागे सुरुंग पेरत चालली होती. भगत तेव्हा सेकंड लेफ्टनंट. चार दिवसांत त्यांनी ५५ मैलांच्या रस्त्यावरची १५ सुरुंगक्षेत्रं शोधून मोकळी केली. दोनदा त्यांची गाडी सुरुंगावर उडाली, सोबतची माणसं गेली, एका कानाचा पडदा फाटला. तरी त्यांनी बदली माणूस घ्यायला नकार दिला. त्याचं कारण त्यांच्या मानपत्रातच नोंदलेलं आहे: या कामाची जाण आता मलाच जास्त आहे, तेव्हा शेवटपर्यंत मीच जातो.

हे कारण मला फार मोलाचं वाटतं. ज्याच्याकडे माहिती जास्त, त्यानं पुढे चालायचं. सुरुंग काढणाऱ्या सैनिकावर जगभर जो आंधळा विश्वास टाकला जातो, तो अशा माणसांनी कमावलेला आहे. आणि म्हणूनच, लष्कराच्या गुप्तवार्ता विभागात आयुष्य काढलेला एखादा अधिकारी निवृत्तीनंतर भूसुरुंग काढायच्या यंत्रांचा धंदा सुरू करतो, तेव्हा तो नेमकं काय विकतो आहे, हे विचारायचा आपल्याला हक्क आहे.

असे अधिकारी जगात बरेच आहेत आणि पुढेही होतील. त्यांच्याबद्दल दोन मतं ऐकू येतात. एक म्हणतं, ज्यानं युद्ध पाहिलं त्यालाच सुरुंगाची खरी जाण, त्यानं हे काम करावं यासारखं दुसरं चांगलं काय? दुसरं म्हणतं, आधी पेरायचे आणि मग काढायचे पैसे घ्यायचे, हा कसला न्याय? दोन्हीत तथ्य आहे. पण मला अडचण वेगळ्याच ठिकाणी दिसते. गुप्तवार्ता अधिकाऱ्याचं खरं कसब माहिती काढण्याचं असतं. सुरुंगाच्या कामात सगळ्यात जास्त गरज त्याच कसबाची आहे. आणि तो धंदा मात्र यंत्राचा उघडतो.

हे जरा उलगडून सांगायला हवं, कारण सुरुंग काढणं म्हणजे काय याचं चित्र आपल्या मनात बहुतेक वेळा यंत्राचंच असतं. साखळ्या आपटत जमीन झोडपणारा ट्रॅक्टर, कानाला हेडफोन लावून जमिनीवरून तबकडी फिरवणारा माणूस. ते खरंच आहे. पण त्याच्या आधी एक काम असतं, ज्याला या क्षेत्रात सर्वेक्षण म्हणतात. दोन माणसं गावात जातात. गुराख्याशी बोलतात: कुठे जनावर दगावलं, कुठल्या माळावर कोणी सरपण आणायला जात नाही, युद्धात तळ कुठे पडला होता, पाणवठ्याची वाट कधी बदलली. जुने लढवय्ये शोधून काढतात आणि त्यांना बोलतं करतात. एकाचं म्हणणं दुसऱ्याशी ताडून पाहतात. मग कागदावर रेघ ओढतात: धोका या रेघेच्या आत, बाहेरची जमीन पेरायला मोकळी. हे सारं गुप्तवार्तेचं काम आहे, नाव तेवढं वेगळं.

या रेघेची किंमत केवढी असते, ते मोझांबिकमध्ये दिसलं. १९९२ मध्ये तिथलं यादवी युद्ध थांबलं तेव्हा संयुक्त राष्ट्रांच्या सुरुवातीच्या अंदाजात देशात २० लाख सुरुंग होते. सप्टेंबर २०१५ मध्ये देश सुरुंगमुक्त जाहीर झाला. तिथं सगळ्यात जास्त काम केलेल्या हॅलो ट्रस्टनं तोवर निकामी केलेल्या सुरुंगांची संख्या सुमारे १ लाख ७१ हजार होती. इतर संस्थांचं काम त्यात मिळवलं तरी २० लाखांच्या जवळपासही आपण पोचत नाही. म्हणजे भीतीनं ओस पडलेल्या जमिनीच्या फार मोठ्या भागात सुरुंग नव्हतेच. युक्रेनमध्येही हेच घडतं आहे. २०२३ मध्ये तिथं १ लाख ७४ हजार चौरस किलोमीटर जमीन संशयित मानली होती. २०२४ च्या अखेरीस तो आकडा १ लाख ४० हजारांच्या खाली आला. जमिनीचा मोठा भाग यंत्र न फिरवता, विचारपूस आणि पडताळणी करूनच यादीतून बाहेर पडला.

आता धंद्याच्या बाजूनं पाहा. गावोगाव फिरून चौकशी करणाऱ्याला रोजगार मिळतो. यंत्र विकणाऱ्याला नफा मिळतो, आणि आकडा जितका भयंकर तितकी यंत्रं जास्त. ज्या माणसाला तो आकडा खरा करून देता आला असता, त्याला पैसे तो फुगलेला राहण्याचे मिळतात. मी कोणाच्या दानतीवर शंका घेत नाही. व्यवस्थाच अशी आहे की प्रामाणिक माणसालाही ती चुकीच्या टोकाला ढकलते.

मोझांबिकचीच कहाणी अजून थोडी मागे नेली तर अंगावर काटा येतो. तिथं सरकारविरुद्ध लढलेली रेनामो ही संघटना मुळात ऱ्होडेशियाच्या गुप्तहेर खात्यानं उभी केली. १९८० मध्ये ऱ्होडेशियाचं झिंबाब्वे झालं, तेव्हा तिचा सांभाळ दक्षिण आफ्रिकेच्या लष्करी गुप्तवार्ता विभागानं पत्करला. शस्त्रं, प्रशिक्षण, पैसा तिकडून येत होता. युद्ध संपल्यावर संयुक्त राष्ट्रांनी रस्ते मोकळे करायचं कंत्राट दिलं, ते ज्या कंपन्यांच्या गटाला मिळालं त्यात दक्षिण आफ्रिकेची मेकेम होती. मेकेम ही त्याच राजवटीच्या शस्त्रनिर्मिती यंत्रणेचा भाग. सोबत ब्रिटनची रॉयल ऑर्डनन्स ही दारूगोळा बनवणारी कंपनी होती.

मेकेमच्या लोकांना काम येत नव्हतं असं मी म्हणणार नाही. ते त्यांना फार चांगलं येत होतं. सुरुंगाचा स्फोट बाजूला फेकणारी इंग्रजी व्ही अक्षराच्या बुडाची कॅस्पिर गाडी दक्षिण आफ्रिकेच्या त्याच संशोधनातून आली. भारतीय लष्करानंही ती घेतली आणि काश्मीरमध्ये वापरली. वासावरून स्फोटकं ओळखणाऱ्या कुत्र्यांचा मेकेमनं केलेला वापरही नावाजला गेला. पण या कंत्राटाची पहिली अट कुठली असायला हवी होती? जिथं जिथं तुमच्या देशाच्या गुप्तवार्ता विभागानं सुरुंग पोचवले, त्याच्या सगळ्या नोंदी आधी टेबलावर ठेवा. कुठला प्रकार, किती, कोणाच्या हाती, कोणत्या साली. त्या नोंदी अपुऱ्या असतील, चुकीच्याही असतील. तरी एखाद्या खेड्याची वाट त्यावरून दहा वर्षं आधी मोकळी होऊ शकते. ही माहिती कोणाची खासगी मालमत्ता नाही. जनतेच्या पैशानं जमवलेली ती माहिती आहे आणि ज्यांच्या शेताखाली सुरुंग आहे त्यांचा तिच्यावर पहिला हक्क आहे.

नकाशा दाबून ठेवला की तो चलन होतो, हे आपण २०२१ मध्ये पाहिलं. त्या वर्षी ४ जूनला अझरबैजानच्या केलबाजर भागात, २०२० च्या युद्धापर्यंत आर्मेनियाच्या फौजांच्या ताब्यात असलेल्या मुलखात, सुरुंगावर गाडी गेली आणि दोन पत्रकारांसह तिघे गेले. आठवड्याभरानं, १२ जूनला, आर्मेनियानं अग्दाम जिल्ह्यातल्या ९७ हजार सुरुंगांचे नकाशे दिले आणि बदल्यात आपले १५ कैदी सोडवून घेतले. पुढच्याच महिन्यात आणखी दोन भागांचे नकाशे आणि आणखी १५ कैदी असा व्यवहार झाला. आर्मेनियाच्या बाजूनं पाहिलं तर त्या कैद्यांच्या आया घरी वाट पाहत होत्या. त्यांचं दुःख मला कमी लेखायचं नाही. पण एका कपाटातला कागद बाहेर यायला माणसांची देवाणघेवाण लागावी, ही गोष्ट पचत नाही. देशादेशांत हे घडतं तेव्हा आपल्याला धक्का बसतो. मग तोच कागद निवृत्त अधिकाऱ्याच्या डोक्यात असतो आणि तो कंपनीचं भांडवल बनतो, तेव्हा आपण त्याला अनुभव म्हणतो.

धंद्यात गुप्तवार्तेची आणखी एक सवय शिरते, आणि ती नकाशा लपवण्यापेक्षाही घातक ठरली आहे. ती म्हणजे, कसं चालतं ते विचारू नका.

ब्रिटनमधल्या जेम्स मॅककॉर्मिक या माजी पोलिसानं एडीई ६५१ नावाचं उपकरण, बॉम्ब शोधून देतं असं सांगून, इराकला विकलं. हातात धरायची मूठ आणि तिला जोडलेली लवचीक दांडी. बॅटरी नाही, आत काम करणारं काहीही नाही. गोल्फचे हरवलेले चेंडू शोधायचं म्हणून विकल्या जाणाऱ्या एका स्वस्त खेळण्यावरून ते बनवलं होतं. एकेका नगाची किंमत हजारो डॉलर. बगदादच्या नाक्यानाक्यांवर शिपाई ते हातात धरून गाड्यांभोवती फिरत आणि दांडी हलली नाही की गाडी पुढे सोडत. त्या गाड्यांतून किती बॉम्ब शहरात गेले याची मोजदाद होणं शक्य नाही. २०१० मध्ये ब्रिटननं निर्यातीवर बंदी घातली, २०१३ मध्ये मॅककॉर्मिकला दहा वर्षांची शिक्षा झाली. तरी ते उपकरण बगदादच्या रस्त्यावर राहिलं. जुलै २०१६ मध्ये कराडा भागात स्फोट झाला, तीनशेहून अधिक माणसं गेली, तेव्हा कुठे तिथल्या पंतप्रधानांनी ते वापरू नका असा आदेश काढला.

थायलंडनं घेतलेलं जीटी २०० हे याच जातकुळीचं. त्याच्या भरवशावर दक्षिणेतल्या प्रांतांत माणसं पकडली गेली. अखेर २०१० मध्ये तिथल्या सरकारनं शास्त्रीय चाचणी घेतली. चार खोक्यांपैकी एकात स्फोटक, ते ओळखायचं, असे वीस प्रयत्न. त्यात चारदा बरोबर आलं. डोळे मिटून खोकं निवडलं असतं तरी सरासरीनं पाचदा बरोबर आलं असतं. आणि हे उपकरण जगाच्या बाजारात पोचलं कसं? ब्रिटिश लष्कराच्या रॉयल इंजिनिअर्सचं निर्यातीला मदत करणारं पथक शस्त्रप्रदर्शनांमध्ये ते दाखवत होतं. खरेदीला आलेल्या परदेशी अधिकाऱ्यानं समोर गणवेश पाहिला. त्याच्या जागी मी असतो तर मीही विश्वास ठेवला असता. गणवेशाची ही पत भगतांसारख्यांनी कमावली होती, आणि ती अशी खर्च झाली.

या दोन्ही उपकरणांचे विक्रेते गुप्तवार्ता अधिकारी नव्हते. पण त्यांची ढाल तीच होती: तंत्र गोपनीय आहे, आतलं सांगता येत नाही, मोठमोठी दलं वापरतात म्हणजे चालतंच. हाच सूर जेव्हा खऱ्याखुऱ्या गुप्तवार्ता विभागातून आलेला माणूस लावेल, तेव्हा त्याला उलट विचारायची हिंमत खरेदी समितीतल्या कोणाला होईल? त्या माणसाचं उपकरण अस्सल असेलही. पण अस्सल आहे की नाही हे कळायचा मार्ग त्याच्या शब्दाखेरीज दुसरा असला पाहिजे.

असा मार्ग आहे. २००३ मध्ये युरोपात मेटल डिटेक्टर तपासण्याची सामायिक पद्धत ठरली. त्यानुसार लाओस आणि मोझांबिकमध्ये प्रत्यक्ष चाचण्या झाल्या आणि त्यांचे अहवाल कोणालाही वाचता येतील असे प्रसिद्ध झाले. मातीनुसार फरक किती पडतो हे त्यात दिसतं. आपल्या कोकणात जसा जांभा आहे, तशा लोहयुक्त लाल मातीत डिटेक्टर गोंधळतो. मातीलाच धातू समजतो, किंवा तिला गप्प करायला गेलं तर कमी धातूचा प्लॅस्टिकचा सुरुंगही त्याला दिसेनासा होतो. वाळूत उत्तम चालणारं यंत्र जांभ्यात माणूस मारू शकतं. विक्रेत्याच्या माहितीपत्रकात हे कधी लिहिलेलं नसतं.

यावर लष्करी वर्तुळात एक आक्षेप हमखास येतो: यंत्राच्या मर्यादा जाहीर केल्या तर शत्रू त्यांचा फायदा घेईल. चालू युद्धात आघाडीवर वापरायच्या उपकरणाबद्दल तो मला मान्य आहे. पण युद्ध संपल्यावर शेतात राहिलेला सुरुंग काही शिकत नाही, आपली जागा बदलत नाही. तिथं मर्यादा लपवून फक्त विक्रेत्याचं हित साधतं. आणि यंत्राचं सर्किट उघडा असं कोणी म्हणत नाही. निकाल उघडा, एवढंच. किती पुरले होते, किती सापडले, कुठल्या मातीत, किती खोलीवर.

आपल्याकडे हा प्रश्न दूरचा वाटायचं कारण नाही. माणसांवर वापरायच्या सुरुंगांवर बंदी घालणाऱ्या ओटावा करारावर भारतानं सही केलेली नाही. आपण सुरुंग बनवतो आणि बाळगतो. पुण्यातल्या पाषाणच्या संरक्षण प्रयोगशाळांनी नव्या सुरुंगांवर काम केलं आहे, निपुण आणि विभव ही नावं अलीकडच्या वर्षांत बातम्यांत आली. त्याच पुण्यात, दिघीला, सुरुंगातून वाट काढणारी यंत्रणा बनते आणि दापोडीच्या कॉलेज ऑफ मिलिटरी इंजिनिअरिंगमध्ये सुरुंग काढायचं शिक्षण दिलं जातं. पेरणं आणि काढणं या दोन्हींचं ज्ञान एका शहराच्या दहा-बारा किलोमीटरमध्ये एकवटलेलं आहे. या शहरात निवृत्त अधिकारी किती राहतात ते पुणेकरांना सांगायला नको. त्यातून कंपन्या निघणार, निघायलाही हव्यात. युक्रेनसारख्या देशांना पुढची कित्येक वर्षं ही यंत्रं लागणार आहेत.

आपल्या माणसांनी हे काम चांगलंही केलं आहे. २००२ च्या युद्धबंदीनंतर आणि पुन्हा २००९ मध्ये युद्ध संपल्यावर श्रीलंकेच्या उत्तरेत सुरुंग काढायला होरायझन आणि सर्वत्र या भारतीय संस्था गेल्या. निवृत्त भारतीय लष्करी अधिकाऱ्यांनी त्या चालवल्या. ज्या भूमीत शांतिसेनेतल्या आपल्या जवानांचे पाय ‘एलटीटीई’च्या सुरुंगांनी गेले होते, तिथल्या तमिळ शेतकऱ्याचं शेत मोकळं करायला ही माणसं गुडघ्यावर बसली. हॅलो ट्रस्टची सुरुवातही ब्रिटिश लष्करातून बाहेर पडलेल्या माणसांनीच केली. तेव्हा सैनिकानं या क्षेत्रात येऊ नये, असं म्हणण्याचा मूर्खपणा मी करणार नाही.

मला हवं आहे ते इतकंच. वरिष्ठ अधिकाऱ्याला निवृत्तीनंतर पहिल्या वर्षात खासगी नोकरी धरायची तर आज सरकारची परवानगी लागते. वर्षानं प्रश्न सुटत नाही, कारण सुरुंग जमिनीत पन्नास वर्षं जिवंत राहतो आणि त्याची माहितीही तितकीच वर्षं कामाची असते. म्हणून ज्यानं ज्या भागात गुप्तवार्तेचं काम केलं, त्या भागातल्या सुरुंगकामात त्याला पैसे मिळणार असतील, तर आधी त्यानं आणि त्याच्या विभागानं त्या भागाच्या उपलब्ध नोंदी सुरुंग काढणाऱ्या यंत्रणेकडे जमा केल्या पाहिजेत. उपकरणाची चाचणी विक्रेत्याला आणि चालवणाऱ्याला, दोघांनाही जागा माहीत नसलेल्या जमिनीत झाली पाहिजे, ती जिथं वापरायचं त्याच मातीत, आणि निकाल प्रसिद्ध झाला पाहिजे. आणि देणगीदार देशांनी सर्वेक्षणाला यंत्राइतका पैसा द्यायला हवा, म्हणजे माहिती काढण्यात हयात गेलेल्या माणसाला आपलं खरं कसब विकण्याची सोय होईल.

माहितीची किंमत महाराष्ट्रानं गडचिरोलीत मोजली आहे. २०१९ च्या महाराष्ट्र दिनी कुरखेडा तालुक्यात जांभुळखेड्याजवळ भूसुरुंगाच्या स्फोटात पोलीस दलाचे १५ जवान आणि गाडीचा चालक गेले. तिथं नकाशा नसतो, कुठलंही सैन्य नोंद ठेवून सुरुंग पेरत नाही. तिथं यंत्राच्या आधी खबर लागते. ती वेळेवर मिळाली तर गाडी निघतच नाही.

जगात हे मरण मुख्यतः निःशस्त्र माणसाच्या वाट्याला येतं. २०२३ मध्ये सुरुंग आणि युद्धातल्या न फुटलेल्या दारूगोळ्यानं ५,७५७ माणसं मेली किंवा जखमी झाली, त्यातले ८४ टक्के सामान्य नागरिक होते. आणि २०२५ मध्ये फिनलंड, पोलंड आणि तिन्ही बाल्टिक देशांनी ओटावा करारातून बाहेर पडायचं ठरवलं. रशियाची भीती त्यांना खरी वाटते, ते मी समजू शकतो. पण त्यांनी सुरुंग पेरले तर ते कधीतरी काढावे लागतील आणि त्यांच्या नोंदी कोण ठेवणार आहे, कोणाच्या हाती देणार आहे, हे आजच ठरायला हवं.

माझे एक मामा सॅपर होते, साताऱ्याकडचे. २००१ च्या डिसेंबरात संसदेवर हल्ला झाला, ऑपरेशन पराक्रम सुरू झालं आणि त्यांच्या तुकडीनं राजस्थानच्या सीमेवर सुरुंग पेरले. पुढे तेच काढायला त्यांनाच पाठवलं. पेरायला लागले त्याच्या कितीतरी पट दिवस काढायला लागले, कारण वाऱ्यानं वाळूचे ढिगारे सरकले होते आणि सुरुंग नोंदीतल्या जागी राहिले नव्हते. मामा सांगायचे, रोज संध्याकाळी हिशेब व्हायचा: या ओळीत इतके पेरले, इतके निघाले. एक जरी कमी भरला, तरी ते शेत मालकाच्या ताब्यात जायचं नाही. दुसऱ्या दिवशी पहाटे पुन्हा पहिल्या खुंटापासून सुरुवात. शेतकरी बांधावर बसून असायचा, पेरणीची वेळ निघून चाललेली असायची, तो काकुळतीला येऊन विचारायचा, साहेब, एकच तर राहिला आहे ना? मामा त्याला वहीतला आकडा दाखवायचे आणि परत वाळूत गुडघे टेकायचे.